दत्ता अर्थ सांगायचा

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ते खरं मानलं नाही. आवाज रेखावहिनींचा होता, मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, तरी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हा दत्ताचा नवा डाव दिसतोय. मी काही आठवडे त्याचा फोन घेत नव्हतो, म्हणून आता हे सोंग… माणूस गेल्याची बातमी ऐकून असा विचार करणारा मी काही दुष्ट माणूस नाही. पण पुण्यातल्या एका विमा कंपनीत आलेले दावे तपासणं हे माझं काम आहे आणि समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालण्याचाच मला पगार मिळतो. काम करून करून स्वभाव असा झाला, की स्वभावच असा म्हणून काम मिळालं, हे माझ्या बायकोला विचारा. शिवाय दत्ताच्या बाबतीत माझ्या संशयाला कारण होतं. तो बरेच महिने माझ्याशी खोटं बोलत होता याची माझी खात्री झालेली होती. आणि तेही कशाबद्दल, तर एका व्हिडिओ गेमबद्दल. चाळिशी ओलांडलेल्या दोन बाप्यांमध्ये एका खेळावरून अबोला, हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. मलाही आधी आलं असतं.

दत्ता माझा मावसभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. कळंबला मावशीकडे धान्याची आडत होती. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये पोती ठेवायची एक लांबट खोली. आमच्या गावात हायस्कूल नव्हतं, म्हणून मी शिकायला मावशीकडे राहिलो. श्रावणात त्या घरी पोथी लागायची. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, ओवी वाचायचे आणि शेजारचे एक रिटायर झालेले गुरुजी तिचा अर्थ सांगायचे. ज्यांनी अशी पोथी ऐकलीय त्यांना ठाऊक असेल, ओवी दोन ओळींत संपते, अर्थाला मात्र काही मर्यादा नसते. गुरुजी ओवीतून निघायचे ते तुरीवरच्या अळीपर्यंत जायचे, तिथून कुणाच्या तरी सासूवर यायचे आणि बरोबर पुढच्या ओवीच्या तोंडाशी येऊन थांबायचे. मी अण्णांकडे बघत बसायचो, की त्यांनी एखादी ओळ गाळली तर नाही ना. दत्ता गुरुजींकडे बघायचा. माणसं वाचणाऱ्यासाठी येत नाहीत, अर्थ सांगणाऱ्यासाठी येतात, असं त्यानं मला तेव्हाच सांगून टाकलं होतं.

त्याच सुमाराला मुंबईच्या एका पाहुण्यांनी त्यांच्या मुलाचं जुनं झालेलं गेमचं यंत्र आम्हाला दिलं. सोबत एकच सीडी होती, आणि ती जपानी होती. मारामारीचा खेळ असता तर भाषेवाचून अडलं नसतं. पण हा निघाला गोष्टीचा खेळ. एक नायक गावोगाव हिंडतो, माणसं भेटतात, ती पान पान बोलतात, मधूनच लढाई होते आणि पुन्हा बोलणं सुरू. पडद्यावरची अक्षरं म्हणजे सगळ्या मुंग्याच मुंग्या. मी म्हणालो, ठेवून देऊ. दत्ता म्हणाला, तू चालव, मी अर्थ सांगतो. आणि बाजार समितीला सुट्टी असली की दुपारी, त्या लांबट खोलीत सोयाबीनच्या पोत्यांना टेकून आमची पोथी सुरू झाली. तिचे नियमही पोथीचेच होते. चालवणाऱ्यानं बोलायचं नाही, अर्थ सांगणाऱ्यानं यंत्राला हात लावायचा नाही. अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही. यंत्र ज्याच्या हातात, नायकाला नाव त्याचं. आणि खेळ पुरा झाला की समाप्तीचं गूळखोबरं.

दत्तानं त्या खेळाला जी गोष्ट दिली ती मला आजही तोंडपाठ आहे. नायक, म्हणजे मीच, आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधत निघालेला. वाटेत भेटणारी, हातात कंदील घेतलेली म्हातारी म्हणजे गयाबाई. तिला सगळं माहीत असतं, पण ती विचारल्याशिवाय सांगत नाही. टोळीतली एक पोरगी शत्रूवर बॉम्ब टाकायची, तिचं नाव तेरखेडकरीण, कारण आमच्याकडं दिवाळीचे फटाके तेरखेड्याहून येत आणि बॉम्ब म्हटलं की दुसरं गाव आम्हाला माहीतच नव्हतं. शेवटी गयाबाई नायकासाठी जीव देते, तो प्रसंग दत्तानं असा सांगितला की मला पुढचं दिसेना, आणि मावशी दारात उभी राहून विचारायला लागली, काय झालं रे, कोण गेलं. पुढे कॉलेजात असताना तोच खेळ इंग्रजीत हाती लागला तेव्हा कळलं, की नायकाला बहीण नव्हतीच, आणि गयाबाई ही त्या गोष्टीतली सगळ्यात मोठी खलनायिका होती. आम्ही इतकी वर्षं एका कपटी बाईसाठी रडलो होतो. मी दत्ताला म्हणालो, बघ, तू सगळं चुकीचं सांगितलंस. तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, "चुकलं ते जपानवाल्यांचं. एवढ्या चांगल्या म्हातारीचं वाटुळं केलं त्यांनी."

पुढे मी पुण्याला आलो, दत्ता आडतीवर बसला. त्या खेळाचा पुढचा एकेक भाग येत गेला, इंग्रजीत, नव्या यंत्रांवर. दोघांनी आपापलं यंत्र घेतलं, दोघं आपापल्या घरी खेळायचो आणि रविवारी दुपारी फोनवर बोलायचो. दत्ताला एकही भाग धड आवडला नाही. याचं संगीत पुचाट, त्यात भांडणं फार, तिसऱ्यात नायक सारखा रडतोय… जपानवाले बिघडले, हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी बाजू घ्यायचो आणि तो चिरफाड करायचा. पन्नास-पन्नास किलोची पोती उचलणाऱ्या हमालांसमोर दुकानात बसून हा माणूस जपानमधल्या कुणा लेखकाला नावं ठेवतोय, हे डोळ्यांसमोर आणायला मला फार आवडायचं. आमचं नातं टिकायला दुसरं काही कारण उरलं नव्हतं असं नाही, पण हे कारण सगळ्यात पक्कं होतं.

मग मागच्या वर्षी, खूप वाट बघायला लावून, नवा भाग आला. तो किती वाईट होता हे ज्यांनी खेळला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून समजायचं नाही. तरी सांगतो. नकाशा अफाट, पण त्यात माणूस नाही. मैलोन्‌मैल गवत, मध्ये एखादी नदी, पलीकडे पुन्हा गवत. लढाया आपोआप होतात, आपण नुसतं बघायचं. जी चारदोन माणसं भेटतात ती तेच ते तीनदा सांगतात, आणि ज्या गोष्टीची उत्सुकता लागावी ती मध्येच सोडून दिलेली. आधीच्या भागांत जिथं मुक्काम करायचा ती कंदिलांची ठिकाणंही काढून टाकली होती. मी चार रविवार खेळलो आणि मला मनापासून वाईट वाटलं. लहानपणचं एखादं घर कुणीतरी पाडून तिथं नुसती पत्र्याची शेड उभी करावी तसं. दत्ता आता याची कशी सालटी काढतो ते ऐकायला मी फोन केला. दत्ता म्हणाला, "लई भारी हाय. आतापरेंतचा सगळ्यात भारी."

इथं माझ्या संशयाला सुरुवात झाली. आधी वाटलं, थट्टा करतोय. पुढच्या रविवारीही तेच. मग मी लक्ष देऊन ऐकायला लागलो, आणि एकेक गोष्ट खटकायला लागली. पूर्वी तो पडद्याचे फोटो पाठवायचा, ते बंद झाले होते. व्हिडिओ कॉल केला तर उचलायचा नाही, मग साधा फोन करायचा. बोलायला लागला की आधी मलाच विचारायचा, तुझं कुठवर आलंय, आणि मी सांगितलं की त्यालाच फोडणी देऊन मला परत वाढायचा. मी म्हणालो गवत, की तो म्हणायचा, त्या गवतात काय काय हाय ते बघितलं का तू. मी म्हणालो काही नाही. तो नुसता हसायचा. दाव्यांच्या कामात असा माणूस आम्ही लांबून ओळखतो, प्रसंग न बघता प्रसंगाचं वर्णन करणारा. दत्तानं तो खेळ उघडलेलाच नाही, असं माझं मत बनत चाललं.

दिवाळीत कळंबला गेलो. आता असं वाटतं की तीच शेवटची भेट, पण तेव्हा मी भेटीला नाही, तपासाला गेलो होतो. दत्ता दुकानात गादीवर बसला होता, काळा चष्मा लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणाला. पोत्यात हात घालून मूठभर तूर काढत होता, तळहातावर फिरवत होता, शेतकऱ्याशी बोलत होता, सगळं नेहमीसारखं. मी आत आलो तेव्हा मात्र मी बोलेपर्यंत त्यानं ओळख दिली नाही. जेवताना मी समोर बसलो तर त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं. मी म्हणालो, चल, नवा खेळ लाव, थोडा वेळ बसू. तो म्हणाला, टीव्ही बिघडलाय. थोड्या वेळानं त्या लांबट खोलीतून टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज आला. नजर चुकवणारा माणूस खोटं बोलत असतो, हे मला नोकरीनं शिकवलेलं. परतताना एसटीत बसून मी ठरवलं की याचा निकाल लावायचा.

त्यानंतरच्या रविवारी मी सापळा लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, नदीकाठच्या देवळातली म्हातारी नायकाला भाकरी देते, तो भाग झाला का तुझा? त्या खेळात नदी आहे, पण तिच्या काठी देऊळ नाही, म्हातारी नाही, भाकरीचा तर प्रश्नच नाही. दत्ता म्हणाला, "व्हय की. पर ती त्याला न इचारता भाकरी का देती, कळलं का तुला?" मी म्हणालो, नाही. "तिनं वळखलंय त्याला, पम्या. त्यो सोताला इसरलाय, तिनं वळखलंय." आणि पुढे कितीतरी वेळ तो त्या नसलेल्या म्हातारीबद्दल बोलत राहिला, ती रोज एक भाकरी जास्तीची का करते, चुलीपाशी कुणाची वाट बघते. आवाजात इतका आनंद, की मला किळस आली. चोर मुद्देमालासह सापडला होता. बरं म्हणालो, फोन ठेवला आणि पुढच्या रविवारपासून त्याचा फोन वाजू द्यायला लागलो. ज्या एका बाबतीत आम्ही एकमेकांशी कधी खोटं बोललो नव्हतो, तिथंच यानं मला बनवावं, हे मला लागलं होतं. अजूनही लागतं, खोटं कशाला सांगू.

साखरेचा आजार त्याला बऱ्याच वर्षांपासून होता. फोन आला त्या सकाळी दुकान उघडताना छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. मी पोचलो तेव्हा सगळं आटपत आलं होतं. पुढचे दिवस माणसांत गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुपारी मी एकटाच त्या लांबट खोलीत गेलो. रडायला गेलो होतो असं सांगायला बरं वाटलं असतं. पण मी गेलो तो खोली तपासायला. दत्ता नसला तरी माझा प्रश्न होता तिथंच होता, आणि आता उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

खोलीत टीव्ही होता, चांगला चालू. त्याच्यासमोर जवळच एक पाट. आणि मागे दत्ताची लाकडी हातांची खुर्ची. पण तिचं तोंड टीव्हीकडं नव्हतं, खिडकीकडं होतं. खेळणारा माणूस पडद्याकडं पाठ करून बसत नाही. मी खेळायचा रिमोट हातात घेतला. त्याच्या बटणांच्या कडेनं पिवळे डाग होते, हळदीचे. दत्ता तर स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही जात नसे. म्हणजे दुसरंच कुणीतरी इथं बसत होतं, त्यानं माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी धरलं होतं… मला मेलेल्या माणसाचा राग आला. यंत्र लावलं. नवा खेळ होता. पुष्कळ पुढं गेलेला, माझ्यापेक्षाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, तर पात्रांचं बोलणं पूर्ण बंद करून नुसतं संगीत ठेवलेलं. आणि नायकाच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत नाव होतं, रेखा. यंत्र ज्याच्या हातात, नाव त्याचं.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा पडद्यावर त्यांचं नाव होतं आणि मी त्याकडं बघत होतो. मी विचारलं, हा खेळ कोण खेळत होतं? त्या म्हणाल्या, तेच की. मी म्हणालो, नाव तुमचं आहे. त्यांनी कप पोत्यावर ठेवला आणि पाटावर बसल्या.

"त्यास्नी दिसत न्हवतं, भावजी."

साखर डोळ्यांत उतरली होती. एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं नुसता उजेड कळायचा. सोलापूरला दाखवलं, उपचार झाले, फरक पडला नाही. मोतीबिंदू वगैरे सगळं बाहेर सांगायला. दुकान निभलं, कारण धान्य तर तो आधीपासून हातानंच पारखायचा आणि वजनकाट्यावर माणूस होता. घरात सगळ्यांना ठाऊक, गावात निम्म्यांना. मला तेवढं कळू द्यायचं नाही, अशी वहिनींना शपथ घातलेली. नवा भाग आल्यावर त्यानं वहिनींना पाटावर बसवलं, बटणं शिकवली आणि आपण खिडकीकडं तोंड करून बसला. दुपारी झाकपाक झाली की वहिनी चालवायच्या, काय दिसतं ते सांगायच्या, गवत आलं, नदी आली, हिरव्या कपड्यातली एक बाई आली. आणि दत्ता अर्थ सांगायचा.

मी म्हणालो, मला सांगायला काय झालं होतं? माझा आवाज चढला असावा, कारण वहिनींनी दाराकडं बघितलं. "म्या म्हणलं व्हतं त्यास्नी," त्या म्हणाल्या. "तर म्हणले, पम्याला कळलं की त्यो दर रईवारी पडद्यावर काय चाललंय ते मला खरं खरं सांगत बसंल. मग म्या काय करायचं?"

मी अगदी तेच केलं असतं. रोज फोन करून, एकही गवताची काडी न गाळता, तो रिकामा नकाशा त्याला वाचून दाखवला असता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या टाकाऊ भागाला तो सगळ्यात भारी का म्हणत होता. मधल्या चांगल्या भागांत त्याला बोलायला जागाच नव्हती. तिथं सगळं आधीच ठरलेलं, सांगितलेलं, म्हणून तो चिडायचा. यात जपानवाल्यांनी काहीच भरलं नाही, ते त्याच्या पथ्यावर पडलं. इतक्या वर्षांनी त्याला पुन्हा मुंग्याच मुंग्या असलेला पडदा मिळाला होता.

तरीही माझा स्वभाव कुठं जाणार? वहिनी माझं समाधान करायला हे सांगत नसतील कशावरून, असा किडा डोक्यात वळवळलाच. मी विचारलं, नदीकाठच्या देवळाबद्दल काही बोलला होता का तो? वहिनींचा चेहरा एकदम उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "म्हातारीचं? भाकरी देती ती? ते तर तुमीच सांगितलं की." त्या दिवशी फोन ठेवल्यावर तो किती तरी वेळ हसत होता म्हणाल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसला. मी विचारलं, खेळात ते देऊळ नाही, हे त्याला माहीत होतं का? "व्हय. म्या त्याच्या आधीच समदा नदीकाठ हिंडले व्हते, काय न्हाय म्हणून सांगितलं व्हतं. तवाच तर हासले. म्हणले, एवढ्या वर्सात पम्यानं आज पयल्यांदा अर्थ सांगितला बघ."

मी चहा घेतला. तो निवला होता… मी त्याच्यासाठी सापळा लावला होता, तो सापळा आहे हे त्याला कळलं होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. माझा संशय आहे की कळलं होतं. त्याला माझ्याइतकं दुसरं कुणी ओळखत नव्हतं आणि मला त्याच्याइतकं. पण त्यानं तो हातात घेतला तो सापळा म्हणून नाही. मी त्याचा फोन उचलत नव्हतो ते आठवडे, वहिनी सांगत होत्या, तो रोज दुपारी नायकाला नदीकाठी न्यायला सांगायचा. पम्यानं सांगितलंय म्हणजे देऊळ असणार, नीट बघ. आणि वहिनी रोज बघायच्या. खेळ थांबला होता तो तिथंच, नदीच्या काठावर. समाप्ती राहिली होती.

"पुरं करायचं का, भावजी?" वहिनींनी विचारलं. "पोथी अर्धी ठेवू न्हाय म्हणत्यात." त्यांनी पदराला हात पुसून रिमोट घेतला. मी पडद्याकडं सरकलो, सवयीनं, आणि मग उठलो. त्या दोघांच्या पोथीत माझी जागा आता ती नव्हती. मी जाऊन दत्ताच्या खुर्चीत बसलो. लाकडी हातांवर त्याच्या कोपरांनी गुळगुळीत झालेले दोन खळगे होते, माझी कोपरं त्यांत बसली नाहीत. तिथून पडदा दिसत नाही. खिडकीतून हमालांनी वाळत घातलेली पोती दिसतात आणि बाजूची भिंत. मागे संगीत सुरू झालं, बटणांचा आवाज आला, नायक चालायला लागला असावा. वहिनी सांगत होत्या, गवत हाय. नदी आली. काठानं चाललीय मी. दगड हाय एक. दुसरं काय न्हाय.

"देऊळ दिसंना," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यात न दिसलेल्या गोष्टीवर सही केलेली नाही. मी भिंतीकडं बघत राहिलो.

"आहे," मी म्हणालो. "तुम्ही पुढं चला. तिनं चूल पेटवलीय."